मोबाइलवर मेल चालतो, घरच्या कॉम्प्युटरवर अडतो: फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कर्वेनगरमधल्या एका ताईंच्या घरी तिघांत मिळून एकच जुना डेस्कटॉप आहे. निवृत्त सासरे, त्या स्वतः आणि इंजिनिअरिंगला असलेला मुलगा. विंडोजचं लॉगिन एकच, त्यात थंडरबर्ड हा मेल बघायचा-पाठवायचा प्रोग्रॅम, आणि थंडरबर्डमध्ये तिघांची जीमेल खाती. काही आठवड्यांपासून ताईंच्या खात्याला सारखा पासवर्ड विचारला जातो आणि बरोबर घातला तरी नाकारला जातो. सासऱ्यांचे मेल येतात, पण जात नाहीत. मुलाचं सगळं सुरळीत. शिवाय अधूनमधून एखाद्या दिवशी तिघांचंही बंद पडतं, सर्टिफिकेटबद्दल काहीतरी खिडकी येते, आणि 'मुलगा काहीतरी करतो मग चालू होतं'. ताई या सगळ्याला 'कनेक्शन एरर' म्हणतात. मोबाइलवर सगळ्यांचं व्यवस्थित आहे. नेटवाला म्हणतो लाइन ओके. दुकानदार म्हणतो विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारू, नाहीतर मशीनच बदला.

ताई, मी पुण्यात घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्तीचीच कामं करतो, त्यामुळे हे चित्र ओळखीचं आहे. सगळ्यात आधी एक सांगतो: फॉरमॅट आत्ता अजिबात नको. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांपैकी एकही विंडोज खराब झाल्याचं नाही. आणि सासऱ्यांचं खातं पॉप पद्धतीनं जोडलेलं असेल तर त्यांचे जुने मेल कदाचित फक्त त्याच हार्डडिस्कवर असतील. पॉपमध्ये मेल उतरवून घेतला की काही दिवसांनी सर्व्हरवरची, म्हणजे मेल कंपनीच्या कॉम्प्युटरवरची, प्रत काढून टाकायची, अशी खूण बऱ्याचदा केलेली असते. फॉरमॅट म्हणजे ते सगळं गेलं. थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये त्यांच्या नावाखाली 'सर्व्हर सेटिंग्ज' उघडा. 'सर्व्हर टाइप' समोर पॉप लिहिलंय की आयमॅप, ते लगेच दिसेल. आयमॅप असेल तर मेल सर्व्हरवरही आहेत, जीव भांड्यात पडू द्या. पॉप असेल तर आजच प्रत काढा: हेल्प मेनूतलं 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडलं की 'प्रोफाइल फोल्डर'समोर 'ओपन फोल्डर'चं बटण असतं. फोल्डर उघडल्यावर थंडरबर्ड बंद करा आणि ते फोल्डर अख्खं पेनड्राइव्हवर घ्या. मग पुढचं बोलू.

आता मूळ प्रश्न. तुम्ही सगळ्याला मिळून 'कनेक्शन एरर' म्हणताय, पण सर्व्हरपर्यंत न पोचणं वेगळं आणि पोचल्यावर सर्व्हरनं नाकारणं वेगळं. कोणाला भेटायला तुम्ही एखाद्या सोसायटीत गेलात असं समजा. पत्ताच चुकीचा असेल, फाटक बंद असेल, किंवा वॉचमन म्हणेल की तुमचं नाव वहीत नाही. तिन्ही वेळा न भेटताच परतावं लागतं, पण दुरुस्ती तिन्हींची वेगळी. प्रोग्रॅम 'सर्व्हर सापडला नाही' म्हणत असेल (जुन्या प्रोग्रॅममध्ये ११००१ हा आकडा दिसतो), तर सर्व्हरचं नाव चुकीचं टाइप झालंय किंवा डीएनएसची, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणाऱ्या सोयीची, भानगड आहे. 'टाइम आउट' म्हणजे १००६०, किंवा 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे १००६१ असेल, तर पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा नंबर) चुकलंय, नाहीतर फायरवॉल, अँटिव्हायरस किंवा नेट कंपनीनं ते अडवलंय. 'लॉगिन फेल्ड' किंवा 'ऑथेंटिकेट करता आलं नाही' असं असेल, तर तुम्ही सर्व्हरपर्यंत व्यवस्थित पोचलेले आहात. मग राउटर बंद-चालू करून, नेटवाल्याला फोन करून काहीही उपयोग नाही. म्हणून एरर आली की 'ओके' दाबायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. मी कुठल्याही घरी गेलो की पहिल्यांदा तेवढंच मागतो, आणि बहुतेकांनी ती खिडकी न वाचता बंद केलेली असते.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा आहे की तुमची आणि सासऱ्यांची तक्रार एकच आहे, आणि अधूनमधून तिघांचं बंद पडतं त्याचं कारण पूर्ण वेगळं आहे.

आधी तुमचं खातं घेऊ. एक आठवून बघा: या काही आठवड्यांत तुम्ही मोबाइलवरून गूगलचा पासवर्ड बदललात का? ३० मे २०२२ पासून गूगलनं बाहेरच्या मेल प्रोग्रॅमना नुसत्या नाव-पासवर्डवर आत घेणं बंद केलं. तेव्हापासून रस्ते दोनच राहिले. एक, ओऑथ, म्हणजे गूगलची स्वतःची साइन-इनची खिडकी उघडते आणि तुम्ही तिथे परवानगी देता. दुसरा, अ‍ॅप पासवर्ड, म्हणजे टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डबरोबर मोबाइलवरचा कोडही मागणारी सोय) चालू करून गूगलकडून घेतलेला सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड. त्या वेळी कोणीतरी (मुलगा? दुकानदार?) तुमच्या थंडरबर्डमध्ये अ‍ॅप पासवर्ड घालून दिला असावा. आता गंमत अशी की गूगलचा मुख्य पासवर्ड बदलला की आधी काढलेले सगळे अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात. थंडरबर्ड तुमच्याकडे पासवर्ड मागतो, तुम्ही नवा, अगदी बरोबर पासवर्ड घालता, आणि गूगल तो नाकारतं, कारण त्या दारातून मुख्य पासवर्ड चालतच नाही. मोबाइलचं जीमेल अ‍ॅप ओऑथनं जातं, म्हणून तिथे काहीच अडत नाही. 'मोबाइलवर चालतं' याचा अर्थ इथे एवढाच.

दुरुस्ती: अकाउंट सेटिंग्जमध्ये तुमच्या खात्याच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये 'ऑथेंटिकेशन मेथड' ओऑथ-टू करा. तीच गोष्ट डाव्या यादीच्या अगदी तळाला 'आउटगोइंग सर्व्हर' आहे, तिथेही करा. येणाऱ्या मेलचं सेटिंग वेगळं आणि जाणाऱ्याचं वेगळं, हे विसरून माणसं अर्धंच काम करतात. मग सेटिंग्जमधल्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये 'सेव्ह्ड पासवर्ड्स' आहे, तिथून तुमच्या नावाच्या जुन्या नोंदी काढून टाका, थंडरबर्ड बंद करून परत चालू करा. गूगलची खिडकी येईल. इथे सामायिक कॉम्प्युटरवरचा नेहमीचा घोळ होतो: घाईत मुलाच्या आयडीनं साइन-इन केलं जातं. मग गूगल 'हो' म्हणतं आणि थंडरबर्ड 'नाही' म्हणतो, कारण खातं तुमचं आणि परवानगी मुलाची. खिडकीत वर कोणाचा पत्ता दिसतोय ते वाचून मगच पुढे जा. खिडकी रिकामी राहिली तर थंडरबर्डमधल्या कुकीज बंद केलेल्या नाहीत ना, ते बघा.

टू-स्टेपचा कोड कोणाच्या मोबाइलवर जातो, हेही आत्ताच बघून ठेवा. ज्येष्ठ मंडळींच्या खात्यांना बऱ्याचदा मुलाचा नाहीतर नातवाचा नंबर दिलेला असतो. तो नातू बेंगळुरूला किंवा जर्मनीत असतो आणि इकडे आजोबा कोडची वाट बघत बसलेले असतात. सासऱ्यांच्या खात्याला त्यांचाच नंबर असू द्या.

आता सासऱ्यांचं. येतात पण जात नाहीत, हे लक्षण फार बोलकं आहे. म्हणजे नेट, सर्व्हरचं नाव, त्यांचा पासवर्ड, सगळं ठीक. बिघाड फक्त जाणाऱ्या बाजूला. थंडरबर्डमध्ये येणारा सर्व्हर प्रत्येक खात्याचा स्वतंत्र असतो, पण जाणाऱ्या सर्व्हरची एक सामायिक यादी असते आणि प्रत्येक खात्याला त्यातला एक चिकटवलेला असतो. अकाउंट सेटिंग्जमध्ये सासऱ्यांच्या नावावर टिचकी मारा आणि उजवीकडच्या पानाच्या तळाशी 'आउटगोइंग सर्व्हर' बघा. तिथे त्यांच्याऐवजी तुमचा पत्ता दिसेल, अशी मला दाट शंका आहे. खातं हातानं जोडताना आधीचाच जाणारा सर्व्हर निवडलेला राहतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणजे इतके दिवस सासऱ्यांचे मेल तुमच्या खात्यातून बाहेर पडत होते. तुमचा पासवर्ड रद्द झाला, त्यांचं पाठवणं बंद. मुलाच्या खात्याला त्याचा स्वतःचा सर्व्हर लावलेला असणार, म्हणून त्याला झळ नाही.

याची एक खूण आहे, घरात विचारून बघा. सासऱ्यांनी पाठवलेल्या मेलना उत्तरं तुमच्या इनबॉक्समध्ये आली होती का? जीमेलच्या सर्व्हरवरून दुसऱ्याच्या नावानं मेल पाठवला की जीमेल 'फ्रॉम'मधला पत्ता बदलून ज्याच्या पासवर्डनं पाठवला त्याचा घालतं. एका घरी काकांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना पार्किंगवरून चांगला खरमरीत मेल लिहिला होता, तो गेला सुनेच्या पत्त्यावरून. काकांना पत्ताच नाही, आणि सेक्रेटरी जिन्यात सुनेकडे बघेनात. तेव्हा हे सेटिंग नुसतं मेल अडतो म्हणून नव्हे, घरातल्या शांततेसाठीही दुरुस्त करा. यादीत 'अ‍ॅड' दाबून सासऱ्यांचा स्वतःचा जाणारा सर्व्हर घाला आणि त्यांच्या खात्याला तोच चिकटवा: एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ४६५ आणि एसएसएल-टीएलएस, किंवा पोर्ट ५८७ आणि स्टार्ट-टीएलएस. पोर्ट आणि सुरक्षेची पद्धत या जोडीनंच जातात. ४६५ ला स्टार्ट-टीएलएस लावलं तर प्रोग्रॅम नुसता फिरत बसतो आणि शेवटी टाइम आउट होतो. येणाऱ्या बाजूला आयमॅपसाठी ९९३, पॉपसाठी ९९५.

इथे परिस्थितीवर अवलंबून असलेली एक गोष्ट आहे. सासऱ्यांचा पत्ता जीमेलचा नसून एखाद्या ब्रॉडबँड कंपनीनं पूर्वी दिलेला असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. अशा कंपन्यांचे जाणारे सर्व्हर अनेकदा फक्त स्वतःच्या जोडणीवरूनच मेल घेतात. तुम्ही नेट कंपनी बदललीत की येणारे मेल चालू राहतात आणि पाठवताना 'रिले करता येत नाही', म्हणजे मेल पुढे पाठवता येत नाही, अशा अर्थाची एरर येते. जुन्या सेटिंगमध्ये पोर्ट २५ असेल तर तेही बघा. स्पॅम रोखण्यासाठी घरगुती जोडण्यांवर ते पोर्ट बऱ्याच ठिकाणी अडवलेलं असतं. अशा वेळी मी सरळ पत्ता बदलायला सांगतो. पेन्शन, बँक, विमा या ठिकाणी नवा पत्ता कळवायला एक दुपार जाईल, पण नेट कंपनीच्या पत्त्याला बांधून राहण्यात पुढेही त्रासच आहे.

आता तिसरी तक्रार, तिघांचंही एकदम बंद पडण्याची. माझा पहिला प्रश्न: तो दिवस बहुतेक वेळा गुरुवार असतो का? पुण्यात महावितरणची देखभालीची कामं गुरुवारी निघतात, हे तुम्हाला सांगायला नको. तुमचा डेस्कटॉप जुना आहे, त्यामुळे मदरबोर्डवरचा घड्याळाचा सेल संपलेला असणार. एरवी प्लगमधून थोडी वीज बोर्डाला मिळत राहते, त्यावर घड्याळ चालतं. तीन-चार तास लाइट गेली की घड्याळ मागे जातं, कधी कधी काही वर्षं मागे. संध्याकाळी कॉम्प्युटर चालू केला की कोपऱ्यात वेळ चुकीची दिसते, पण तारखेकडे कोण बघतं?

याचा मेलशी संबंध सर्टिफिकेटमुळे येतो. सर्व्हर आपली ओळख म्हणून जे सर्टिफिकेट दाखवतो, त्याला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. गूगलच्या सर्व्हरची ही मुदत साधारण तीन महिन्यांची असते. तुमच्या कॉम्प्युटरच्या मते आज जर २०१५ साल असेल, तर ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही, म्हणून प्रोग्रॅम ते नाकारतो. अशा दिवशी ब्राउझरमध्ये बँकेची साइट उघडून बघा, तिथेही तक्रार येईल. ती आली की खूणगाठ पक्की. विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतं हे खरं, पण घरगुती कॉम्प्युटरवर फरक पंधरा तासांपेक्षा जास्त असेल तर ते आपणहून हात लावत नाही. म्हणून तारीख हातानं घालावी लागते.

म्हणूनच 'मुलगा काहीतरी करतो' हे वाक्य वाचून मी थांबलो. तो तारीख दुरुस्त करत असेल तर शाबास. पण त्या खिडकीतलं 'कन्फर्म सिक्युरिटी एक्सेप्शन' दाबत असेल तर ते थांबवा. आजवर त्यानं नुकसान झालं नसेल, समोर खरोखर गूगलचाच सर्व्हर होता. पण उद्या मध्येच कोणी दुसरं येऊन बसलं तर खिडकी अगदी हीच दिसेल, आणि बोट सवयीनं तेच बटण दाबेल. थंडरबर्डच्या 'मॅनेज सर्टिफिकेट्स'मध्ये 'सर्व्हर्स' नावाचं पान आहे. आधी दिलेल्या अशा सवलती तिथून काढून टाका.

सेल साधा, तीन व्होल्टचा, बटणासारखा असतो. सीआर-२०३२ असा नंबर सांगितला की घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बदलणं अवघड नाही: प्लग काढायचा, कॅबिनेटची बाजू उघडायची, सेलच्या कडेची छोटी पट्टी नखानं मागे ढकलली की सेल आपोआप वर येतो, नवा टाकताना अधिक चिन्हाची बाजू वर. फक्त एक काळजी घ्या. सेल काढला की बायॉसची (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्रॅमची) सेटिंग्ज मूळपदावर जाऊ शकतात, आणि काही जुन्या मशीनवर हार्डडिस्कचा मोड बदलल्यामुळे विंडोज चालूच होत नाही. म्हणून आधी बायॉसमधल्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हे नको वाटत असेल तर माणूस बोलवा, पण त्याला 'सेल बदलायचाय' एवढंच सांगा. 'मेल चालत नाही' म्हणालात की तो सीपीयू दुकानात घेऊन जाईल.

गुरुवारचा संबंध लागला नाही आणि तारीखही बरोबर असेल, तर माझा संशय अँटिव्हायरसवर जातो. बऱ्याच अँटिव्हायरसमध्ये मेल तपासण्याची सोय असते. त्यासाठी तो सर्व्हर आणि थंडरबर्डच्या मध्ये बसतो आणि सर्व्हरच्या सर्टिफिकेटऐवजी स्वतःचं दाखवतो. एररच्या खिडकीत 'व्ह्यू' दाबून 'इश्यूड बाय' काय लिहिलंय ते वाचा. तिथे अँटिव्हायरसचं नाव दिसलं तर उत्तर मिळालं. त्यातली फक्त मेल-तपासणी बंद करून बघा, अख्खा अँटिव्हायरस बंद करू नका. घरात दोन अँटिव्हायरस नाहीत ना, तेही बघा. एक दुकानदारानं टाकलेला आणि एक मुलानं फुकट मिळाला म्हणून टाकलेला, असं फार ठिकाणी सापडतं. दोघांतला एक काढा.

नेटवाला खरं बोलतोय का, हे पाच मिनिटांत कळतं. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून कॉम्प्युटर त्यावर जोडा. डेस्कटॉपला वायफाय नसेल तर मोबाइल यूएसबी केबलनं जोडून टेदरिंग करा. हॉटस्पॉटवर मेल चालला आणि घरच्या जोडणीवर नाही, तर राउटर किंवा नेट कंपनी. दोन्हीकडे तीच एरर, तर नेटवाला निर्दोष. आणि 'मोबाइलवर चालतं' हे सांगताना मोबाइल तेव्हा घरच्या वायफायवर होता की स्वतःच्या डेटावर, हे बघून सांगा. डेटावर असेल तर घरच्या जोडणीबद्दल त्यातून काहीच कळत नाही. मुलगा कधी या मशीनवर कॉलेजचं किंवा इंटर्नशिपचं व्हीपीएन (बाहेरून तिथल्या नेटवर्कला जोडणारं सॉफ्टवेअर) वापरत असेल तर ते बंद करून बघा. तसलं सॉफ्टवेअर स्वतः बंद झालं तरी कधी कधी प्रॉक्सीचं, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेटवर जायचं, सेटिंग मागे सोडून जातं.

हे सगळं मार्गी लागलं की एक काम मात्र आवर्जून करा: विंडोजमध्ये तिघांची तीन वेगळी लॉगिन. आत्ता एकाच थंडरबर्डमध्ये तिघांचे पासवर्ड साठवलेले आहेत आणि 'सेव्ह्ड पासवर्ड्स'मध्ये जाऊन ते कोणालाही उघडे बघता येतात. सासऱ्यांच्या मेलवर बँकेची स्टेटमेंटं येत असतील. घरातल्यांवर अविश्वास म्हणून नव्हे, पण मुलाचे मित्रही प्रोजेक्टसाठी त्याच खुर्चीत बसतात ना? वेगळ्या लॉगिनमध्ये प्रत्येकाचा थंडरबर्ड वेगळा, जाणारा सर्व्हर वेगळा, म्हणजे एकाच्या पासवर्डचा दुसऱ्याला ताप नाही. फक्त सासऱ्यांचं खातं पॉपचं निघालं तर त्यांचे जुने मेल नव्या लॉगिनमध्ये आपोआप येणार नाहीत. पेनड्राइव्हवर घेतलेली प्रत तिथे कामाला येईल. पण त्या फोल्डरमध्ये तिघांचंही आहे, तेव्हा नव्या जागी तुमची दोघांची खाती काढून टाकायची.

एका पॉप पत्त्याला घरातले दोघे दोन लॉगिनमधून वापरणार असतील तर वेगळी अडचण येते. पॉप सर्व्हर एका वेळी एकालाच पेटी उघडू देतो, म्हणून 'स्विच युजर' करून आधीच्याचा प्रोग्रॅम मागे चालू राहिला तर दुसऱ्याला 'मेलबॉक्स लॉक्ड' दिसू शकतं. उठताना 'साइन आउट' करायची सवय लावा, किंवा ते खातं आयमॅप करून टाका.

मशीन बदलण्याबद्दल: तुमच्याकडे विंडोज १० असेल तर मायक्रोसॉफ्टनं त्याचा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला आहे, त्यामुळे दुकानदाराचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. पण तो निर्णय सवडीनं, किमती बघून घ्या. आत्ताच्या मेलच्या दुखण्यासाठी नवं मशीन घेतलंत आणि जुनीच सेटिंग्ज तिथे उतरवलीत, तर सासऱ्यांचे मेल तिथूनही जाणार नाहीत.

मी तुमच्या जागी असतो तर आधी प्रत, मग तारीख, मग तुमचं ओऑथ, मग सासऱ्यांचा जाणारा सर्व्हर, या क्रमानं गेलो असतो आणि प्रत्येक बदलानंतर स्वतःलाच एक मेल पाठवून बघितला असता. दोन बदल एकदम करू नका, नाहीतर कशानं सुधारलं ते कळत नाही. एवढं करूनही अडलं तर परत लिहा, पण चार गोष्टी सोबत द्या: कोणाचं खातं, येताना अडलं की जाताना, एररच्या खिडकीचा फोटो (पत्ते झाकून), आणि हॉटस्पॉटवर काय झालं. पासवर्ड किंवा ओटीपी मात्र कोणी मागितला तरी पाठवू नका, मी मागितला तरीसुद्धा.